यंत्र आणि वही
(ज्ञातिसंस्थेच्या मानखुर्द शाखेच्या वार्षिक मेळाव्यात झालेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आज आम्हांस बोलण्याची आज्ञा केली आहे ती एका अगदी व्यवहारी प्रश्नावर. संस्थेच्या एका हितचिंतकांनी चिटणीसांच्या कामासाठी एक मोबाईल संच देण्याची इच्छा दर्शविली आहे. ज्ञातिबांधवांची नावे, पत्ते व टेलिफोन नंबर आणि वर्षभरातील सभा, समारंभ व तिथी यांची नोंद त्यात ठेवावी, असा त्यांचा हेतू आहे. संच कोणता घ्यावा, याविषयी मंडळात दोन-तीन बैठका झाल्या. तरुणांचा एक पक्ष ॲपलच्या आयफोनचा, दुसरा अँड्रॉइडचा; आणि ज्येष्ठांपैकी काहींचे म्हणणे असे की, जाड पुठ्ठ्याची एक डायरी या सर्वांहून बरी. हा वाद मिटविण्याचे काम आमच्याकडे आले, त्याचे कारण आम्हांस यंत्रशास्त्र अवगत आहे असे नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु पस्तीस वर्षांहून अधिक काळ शाळेतील पटावरच्या नोंदी सांभाळण्यात गेला, आणि नोंदी कशा राखाव्यात एवढ्यापुरता अनुभव गाठीशी आहे.

प्रत्येक शाळेत ‘जनरल रजिस्टर’ नावाची एक मोठी वही असते. मुलाचे नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस, सोडून गेल्याचा दिवस हे सर्व तीत लिहिलेले असते. मुख्याध्यापकाची बदली होते, शिक्षक निवृत्त होतात, कपाट नवे येते; वही मात्र शाळेतच राहते. चाळीस वर्षांनी एखादा गृहस्थ दाखल्यासाठी आला, तर त्या वहीतूनच त्याचा जन्म सिद्ध होतो. ती वही मुख्याध्यापकाने आपल्या घरी नेऊन ठेवली असती, तर काय झाले असते याचा विचार करावा. आज आम्ही जे सांगणार आहोत त्याचा सारांश या उदाहरणात आहे. प्रश्न संचाचा म्हणून विचारला गेला आहे, परंतु तो मुळात वहीचा आहे. वही कोणाच्या मालकीची आणि ती कोठे राहणार हे प्रथम ठरवावे. संच त्यानंतर निवडावा.

आपल्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न पडत नसे, कारण मंडळी जवळजवळ राहत. निरोप तोंडी जाई. ज्याच्या घरी टेलिफोन असे त्याचाच नंबर दहा बिऱ्हाडांच्या कार्डांवर ‘पी.पी.’ अशा अक्षरांनंतर छापलेला असे, आणि शेजारचा मुलगा धावत येऊन ‘तुमचा फोन आहे’ असे सांगे. पुढे मानखुर्दची वस्ती वाढली. १९७३ मध्ये ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला आणि १९९२ मध्ये रेल्वेही मानखुर्दहून वाशीस जाऊन पोहोचली. तेव्हापासून आपली कित्येक कुटुंबे खाडीपलीकडे गेली. उलट, मुंबईतील रेल्वेच्या व रस्त्यांच्या कामांसाठी रुळांलगतची घरे हलविली गेली, तेव्हा त्यांतील अनेकांचे पुनर्वसन येथे लल्लूभाई कंपाउंडमध्ये झाले. एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी वसलेल्या माणसाचा पत्ता तर बदलतोच, पण जुना टेलिफोनही मागे राहतो. त्यात सात आकडी नंबर आठ आकडी झाले, घरच्या टेलिफोनची जागा मोबाईलने घेतली, एकेका घरात चार-चार नंबर आले. आज आपली एक शाखा म्हणावयाची, पण तिचे सभासद अणुशक्तीनगरपासून पनवेलपर्यंत आणि त्यांची मुले पुण्यापासून अमेरिकेपर्यंत पसरलेली आहेत. त्यामुळे यादी ही आता सोयीची वस्तू राहिलेली नाही. ज्ञाती म्हणून आपण ज्या धाग्याने बांधलेले आहोत तो धागा तीच आहे.

हातात मावणाऱ्या यंत्रात ही यादी ठेवण्याची कल्पना आजची नव्हे. १९८४ मध्ये इंग्लंडमधील सायन नावाच्या कंपनीने ‘ऑर्गनायझर’ या नावाचे एक लहान यंत्र विकावयास काढले. त्यानंतर कॅसिओ, शार्प या जपानी कंपन्यांच्या ‘डिजिटल डायऱ्या’ आपल्याकडेही आल्या. परदेशाहून येणारे पाहुणे त्या भेट म्हणून आणीत, हे येथील पुष्कळांना आठवत असेल. परंतु त्यांतील बहुतेकांत एक उणीव होती. यंत्रात लिहिलेले त्या यंत्रातच राही. बॅटरी गेली की कधी कधी सर्व नावे जात, आणि माणूस पुन्हा पहिल्यापासून लिहावयास बसे.

१९९६ मध्ये अमेरिकेत ‘पायलट’ नावाचे यंत्र निघाले. पुढे ते ‘पाम पायलट’ म्हणून जगभर प्रसिद्ध झाले. त्याचे जनक जेफ हॉकिन्स यांची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. यंत्र तयार होण्यापूर्वी त्यांनी तेवढ्याच आकाराचा एक लाकडी ठोकळा करविला आणि तो सदऱ्याच्या खिशात घालून ते वावरू लागले. कोणी भेटीची वेळ विचारली की ते ठोकळा बाहेर काढीत आणि त्यावर काडीने लिहिल्याचा आविर्भाव करीत. लोकांना ते विचित्र वाटले असेल; परंतु आपणांस या यंत्राचा उपयोग नेमका कोठे व किती वेळा होणार, हे त्यांना त्या ठोकळ्याने शिकविले. त्या यंत्रास एक बैठक असे. यंत्र बैठकीवर ठेवून बटण दाबले की, यंत्रातील नावे व तारखा आणि टेबलावरील संगणकातील नावे व तारखा एकमेकींशी ताडून पाहिल्या जात आणि दोन्ही ठिकाणी एकसारख्या होत. यालाच आज आपण ‘सिंक’ म्हणतो. जमाखर्च लिहिणाऱ्यांना हे नवीन नाही. रोजकीर्द आणि खतावणी यांचा मेळ घालण्याचा जो प्रकार, त्याच जातीचा हा आहे.

आपल्या देशातही असा एक प्रयत्न झाला. बंगळूर येथील शास्त्रज्ञ व अभियंते यांनी मिळून ‘सिम्प्युटर’ नावाचा हातातला संगणक सिद्ध केला, आणि २००४ मध्ये तो ‘अमिदा’ या नावाने बाजारात आला. त्यातील एक विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. गावात यंत्र एकच असले तरी चालेल, प्रत्येकाने आपापली माहिती एका लहान कार्डावर ठेवावी, कार्ड यंत्रात घातले की यंत्र त्याचे, कार्ड काढले की पुढच्याचे, अशी ती योजना होती. यंत्र बाजारात फारसे चालले नाही. पण यंत्र निराळे आणि माहिती निराळी, हा विवेक त्यात स्पष्ट होता.

मग २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन आला, आणि डायरी, घड्याळ, टेलिफोन सर्व एका संचात सामावले. पामचे काय झाले? ती कंपनी २०१० मध्ये एचपीने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी एचपीने त्या जातीचे संच बंद केले. मोठमोठ्या कचेऱ्यांतील साहेबांच्या कमरेला जो ब्लॅकबेरी असे, त्याच्या जुन्या संचांची सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी थांबली. आम्ही हा इतिहास सांगितला तो कोणाची निंदा करण्यासाठी नव्हे. ज्या यंत्रांपुढे त्या त्या काळी जगाने मान तुकविली, ती सर्व पंधरा-वीस वर्षांत गेली. आज आपण जो संच निवडू तोही जाणार. आपल्या ज्ञातीची यादी मात्र राहावयास हवी. यास्तव, ‘सर्वांत उत्तम संच कोणता’ या प्रश्नाऐवजी ‘हा संच गेल्यावर यादी कशी उरेल’ हा प्रश्न आपण विचारावा.

हे नुसते तर्कट नव्हे. काही वर्षांपूर्वी आपल्या शाखेतील एक जुने कार्यकर्ते निवर्तले. त्यांचे नाव येथे घेणे प्रशस्त नाही. ज्येष्ठांना ते ठाऊक आहे. कोणाच्या घरी दुःखद घटना घडली की पहिला फोन त्यांचा जाई. कोणाचा गाव कोणता, कोणाची बहीण कोठे दिली, कोणास रात्री फोन करावा आणि कोणास करू नये, हे सर्व त्यांच्या फोनमध्ये आणि त्यांच्या डोक्यात होते. ते स्वतः गेले तेव्हा तो फोन त्यांच्या उशाशीच होता. तो उघडण्याचा आकडा घरातील कोणालाही माहीत नव्हता. येणारा फोन घेता येई, परंतु आपण होऊन कोणाला लावता येत नसे. फोन वाजला की त्यांचे चिरंजीव तो उचलीत आणि पलीकडच्या माणसास ती वार्ता सांगत. ज्यांनी त्या दिवशी योगायोगाने फोन केला त्यांना कळले, बाकीच्यांना कळले नाही. गावाकडील त्यांच्या मावसबहिणीला दहावा होऊन गेल्यावर समजले. ज्या गृहस्थांनी जन्मभर इतरांच्या निधनाच्या वार्ता घरोघर पोहोचविल्या, त्यांच्या स्वतःच्या अंत्ययात्रेस निम्मी ज्ञाती येऊ शकली नाही. त्यात त्यांचा दोष नव्हता. संस्थेची वही संस्थेकडे असावी असा नियमच आपण कधी केला नव्हता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. फोनमध्ये लिहिलेला नंबर वस्तुतः कोठे राहतो? त्याच्या तीन जागा आहेत. पहिली सिमकार्ड. त्यावर साधारण अडीचशे नावे मावतात, तीही त्रोटक. पत्ता वगैरे राहत नाही. दुसरी जागा फोनची स्वतःची. फोन पाण्यात पडला किंवा चोरीस गेला की ती संपली. तिसरी जागा म्हणजे अकाउंट, म्हणजे गूगल, ॲपल किंवा अन्य कंपनीच्या मोठ्या संगणकांवर आपल्या नावाने उघडलेले खाते. या तिसऱ्या जागी लिहिलेले नाव त्या खात्याशी जोडलेल्या प्रत्येक फोनवर आपोआप उमटते. अँड्रॉइड फोनवर नवा नंबर लिहिताना ‘कोठे ठेवू?’ असे विचारले जाते वा वरच्या बाजूस ते दिसते. पुष्कळ मंडळी तिकडे न पाहता पुढे जातात. नंबर सिमवर, काही फोनवर, काही खात्यात अशी पांगापांग होते ती यामुळेच.

आयफोन की अँड्रॉइड, या वादाचे उत्तरही येथेच मिळते. आयफोनवर ॲपलचे आयक्लाउड खाते चालते, त्याबरोबर गूगलचे खातेही चालते, आणि गूगलच्या खात्यातील नावे व तारखा आयफोनवर व्यवस्थित येतात. उलट, आयक्लाउडमधील नावे व तारखा अँड्रॉइडवर सतत आणावयाच्या तर निराळे ॲप घालावे लागते आणि थोडी खटपट करावी लागते. आपल्या सभासदांत दोन्ही प्रकारचे फोन आहेत. आज चिटणीसांकडे एक असेल, उद्याच्या चिटणीसांकडे दुसरा असेल. यास्तव दोन्हीकडे विनासायास चालेल असे खाते घ्यावे, आणि आमच्या मते आजमितीस गूगलचे खाते ती गरज भागविते. ते घेतले म्हणजे संच कोणताही चालेल.

तरी देणगीदारांना काही सांगावयास हवे, म्हणून संच घेताना चार गोष्टी पाहाव्यात. एक, कंपनी त्या संचास किती वर्षे सुधारणा व सुरक्षेची दुरुस्ती पुरविणार आहे. गूगलने २०२३ मधील पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मधील गॅलेक्सी एस २४ ला सात वर्षांचे अभिवचन दिले. स्वस्त संचांना इतकी वर्षे बहुधा मिळत नाहीत. म्हणून दुकानात किमतीच्या आधी हा प्रश्न विचारावा. दोन, देवनागरीत लिहिणे व शोधणे सुलभ आहे की नाही. तीन, दुरुस्तीचे केंद्र चेंबूर-घाटकोपरच्या टप्प्यात आहे की नाही. चार, अक्षर मोठे करून वाचता येते की नाही, कारण आपले चिटणीस नेहमीच तरुण असतील असे नाही. कॅमेरा किती भारी आहे, हा विचार यादी राखण्याच्या कामी निरुपयोगी आहे.

यानंतरची बाब अधिक महत्त्वाची. मेळ घालणे निराळे आणि जपून ठेवणे निराळे. सिंक म्हणजे सर्व ठिकाणी एकसारखे करणे. एका फोनवर कोणी चुकून शंभर नावे पुसली, तर ती क्षणात सर्व फोनांवरून पुसली जातात. यंत्र आपले काम चोख बजावते. गूगलच्या खात्यात पुसलेले नाव तीस दिवसांपर्यंत परत आणता येते, परंतु तोपर्यंत कोणाच्या लक्षात आले तर. म्हणून यादीची एक प्रत सिंकच्या बाहेर काढून ठेवली पाहिजे. यासाठी जगात सर्वमान्य असे दोन साचे आहेत: नावांसाठी ‘व्हीकार्ड’ आणि तारखांसाठी ‘आयकॅलेंडर’. दोन्हींचे सार्वजनिक मानक १९९८ मध्येच प्रसिद्ध झाले. पाम गेला, ब्लॅकबेरी गेला, हे साचे चालूच आहेत. जे यंत्र किंवा ॲप या साच्यांत आपली माहिती बाहेर काढू देत नाही, ते कितीही देखणे असले तरी घेऊ नये. घराला आत येण्याचा दरवाजा आहे आणि बाहेर जाण्याचा नाही, असे घर कोणी भाड्याने घेत नाही.

दिनदर्शिकेविषयी एक निराळी अडचण आपल्या मंडळींना येते. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेले ‘कालनिर्णय’ घरोघरी भिंतीवर लागले, आणि दुधाचा हिशेब, गॅसचा दिवस, बारसे, श्राद्ध हे सर्व त्या चौकटींत लिहिले जाऊ लागले. घरातील सर्वांना ते दिसे. सामायिक कॅलेंडर म्हणतात ते हेच. फोनमधील कॅलेंडर तितकेच सामायिक करता येते. संस्थेच्या खात्याचे कॅलेंडर सभासदांना केवळ पाहण्यासाठी आणि पदाधिकाऱ्यांना लिहिण्यासाठी असे दोन प्रकारे देता येते. त्याचा एक विशेष लाभ आहे. सभा सायंकाळी सात वाजता असे येथे लिहिले, तर न्यू जर्सीत असलेल्या आपल्या मुलाच्या फोनवर ती उन्हाळ्यात सकाळी साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ अशी आपोआप दिसते. तिकडे वर्षातून दोनदा घड्याळे मागेपुढे होतात, हे आपण लक्षात ठेवावे लागत नाही.

परंतु ‘दरवर्षी’ अशी खूण केली की यंत्र इंग्रजी तारीख धरते, तिथी धरीत नाही. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे. त्यामुळे तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तेव्हा त्यापुढील सर्व सण लांबले, हे आठवत असेल. वडिलांचे श्राद्ध इंग्रजी तारखेने ‘दरवर्षी’ असे नोंदवून निश्चिंत राहिलेल्या घरी दुसऱ्याच वर्षी तिथी चुकते. यास्तव जन्मदिवस तारखेने नोंदवावे. तिथीची कार्ये मात्र नवे पंचांग हाती आल्यावर त्या वर्षापुरती एकेक करून लिहावीत. हे काम यंत्रावर सोपवू नये. घरातील एखाद्या शाळकरी मुलास आजोबांजवळ बसवून करवून घ्यावे. त्यास पंचांग पाहणे येईल आणि आजोबांना फोन येईल.

आता संस्थेसाठी आम्ही काही नियम सुचवितो. कार्यकारी मंडळाने त्यांवर विचार करून ठराव करावा.

पहिला, संस्थेच्या नावाने स्वतंत्र खाते उघडावे. ते चिटणीस व खजिनदार अशा दोघांच्या फोनवर असावे. एकाच फोनवर स्वतःचे आणि संस्थेचे अशी दोन खाती सुखाने नांदतात. घरचे नंबर घरच्या खात्यात आणि संस्थेचे संस्थेच्या, एवढी शिस्त पाळावी. पदाधिकारी बदलले की पासवर्ड बदलावा, जसा कपाटाची किल्ली देता-घेता आपण सही घेतो तसा.

दुसरा, खात्यात शिरण्यासाठी लागणारा आकडा एकाच व्यक्तीच्या फोनवर येईल अशी व्यवस्था नसावी. गूगल दहा राखीव आकडे देते. ते कागदावर उतरवून पाकिटात घालावेत आणि पाकीट संस्थेच्या तिजोरीत ठेवावे.

तिसरा, प्रत्येक नंबर आरंभी अधिक चिन्ह व ९१ लावून लिहावा. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या टेलिफोनवरून मोबाईल लावताना आधी शून्य लावावे लागते, आणि परदेशातून लावताना निराळेच. ९१ लावून लिहिलेला नंबर मोबाईलवर देशात वा परदेशात तसाच लागतो. नावाबरोबर मूळ गाव, सध्याचा पत्ता आणि नंबर कोणत्या महिन्यात पडताळून पाहिला तेही लिहावे. ज्या नोंदीवर पडताळणीची तारीख नाही ती नोंद अर्धीच समजावी.

चौथा, नंबर घेताना विचारून घ्यावा आणि कशासाठी घेतो ते सांगावे. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. पण कायदा नसता तरी हे सौजन्य आवश्यकच होते. विशेषतः वधूवरांची माहिती आणि भगिनींचे नंबर छापील यादीत घालण्यापूर्वी त्यांची संमती लेखी असावी. व्हॉट्सॲपचा समूह म्हणजे यादी नव्हे. तेथे प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि समूह सोडून गेलेल्याचा पत्ता पुढे कोणासच लागत नाही.

पाचवा, वर्षातून एकदा, दसऱ्याच्या दिवशी, यादीची प्रत व्हीकार्डच्या साच्यात काढून पेनड्राइव्हवर ठेवावी आणि एक प्रत कागदावर छापून घ्यावी. कागद कशाला, असे तरुण विचारतील. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा वीज गेली, मोबाईलची सेवा कोलमडली, आणि ज्यांच्या फोनची बॅटरी संपली त्यांना बूथवर उभे राहून स्वतःच्या घराखेरीज एकही नंबर आठवेना. खिशात चिठ्ठी असलेला माणूस त्या रात्री श्रीमंत होता. डायरीचा आग्रह धरणाऱ्या आपल्या ज्येष्ठांचे म्हणणे इथपर्यंत यथार्थ आहे. दसऱ्यास आपण शस्त्रांची व पुस्तकांची पूजा करतो. त्या पाटावर ही यादीही असावी.

सहावा नियम संस्थेचा नसून प्रत्येक घराचा आहे. आपल्या माघारी आपला फोन व आपले खाते कोणी उघडावे, हे जिवंतपणीच ठरवावे. ॲपलने २०२१ पासून अशी व्यक्ती नेमून ठेवण्याची सोय केली आहे. गूगलमध्येही, खाते ठराविक महिने वापरात नसेल तर त्यातील माहिती अमुक व्यक्तीस द्यावी, असे आधी लिहून ठेवता येते. आणि ते केले पाहिजे, कारण दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. हे ज्यांना अवघड वाटेल त्यांनी फोन उघडण्याचा आकडा आणि वीस जवळच्या माणसांचे नंबर एका कागदावर लिहून देव्हाऱ्याच्या खणात ठेवावेत, आणि तो कागद तेथे आहे एवढे पत्नीला वा मुलाला सांगावे. अशुभ बोलू नये, असे काहींना वाटेल. परंतु विमा उतरविणे, वारसाचे नाव बँकेत लावणे हे आपण करतोच. आपल्या जाण्याची वार्ता आपल्या माणसांना वेळेवर कळावी, ही इच्छा त्याहून लहान नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या ज्ञातीत धनाढ्य थोडे आणि कष्टकरी अधिक. येथे प्रत्येकाने स्वतःच्या हिमतीवर संसार उभा केला आहे, आणि अडीनडीला धावून येणारे दहा लोक हीच आपली ठेव आहे. त्या दहा लोकांना वेळेवर हाक पोहोचली तरच ती ठेव वटते. हितचिंतकांनी देऊ केलेल्या संचाचा आपण कृतज्ञतेने स्वीकार करावा. तो कोणत्या कंपनीचा असावा हे दुकानात जाऊन अर्ध्या तासात ठरेल. परंतु तो संच घरी आणण्यापूर्वी संस्थेचे खाते उघडलेले असावे, त्याचे दोन राखणदार नेमलेले असावेत, आणि पडताळणीसाठी घरोघर जाणारे चार तरुण व चार भगिनी आजच्या या मेळाव्यातूनच पुढे आलेल्या असाव्यात. यादी यंत्र करीत नाही. दारावर जाऊन ‘बरे आहात ना? नंबर तोच ना?’ असे विचारणारा माणूस ती करतो. त्या निमित्ताने पुष्कळांची खुशाली पुष्कळ दिवसांनी विचारली जाईल, हाही लाभ थोडा नव्हे.

अध्यक्षांनी ठरावाची सूचना आजच सभेपुढे ठेवावी अशी विनंती करून, आम्ही आपली रजा घेतो.